परीक्षा होईपर्यंत

अकोल्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. दरवर्षी शिकवता शिकवता मी जर्मनीतल्या १९३३ सालच्या एका कायद्यापाशी येतो. कायदा एवढासा, पाचच कलमांचा. देशावर संकट आहे, म्हणून यापुढे संसदेला न विचारता सरकारच कायदे करील आणि ते राज्यघटनेत बसत नसले तरी चालतील, असा त्याचा अर्थ. मुदत चार वर्षांची. हा कायदा कोणी चोरून केला नव्हता. तो संसदेतच मांडला गेला, तिथेच मतदान झालं आणि निवडून आलेल्या माणसांनी आपलेच अधिकार दोन तृतीयांशाहून जास्त मतांनी देऊन टाकले.

इथे वर्गातून कोणीतरी विचारतंच, "सर, पण त्यांनी होकार दिलाच कसा?"

पुस्तकातलं उत्तर माझ्याकडे तयार असतं. सभागृहात गणवेशातली माणसं उभी होती, विरोधातले काही खासदार आधीच तुरुंगात होते, तरीही चौऱ्याण्णव जणांनी विरोधात मत दिलं. हे सगळं खरं आहे. पण होकार देणाऱ्यांत असेही काही होते, ज्यांना वाटलं की थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, एकदाची शांतता होऊ दे. मला कुतूहल आहे ते या माणसांबद्दल. कारण तसा होकार मी स्वतः एकदा दिला आहे. नुसता दिला नाही, ठरावही मीच लिहिला होता.

माझं गाव दर्यापूर तालुक्यात. वडील दर्यापूर ते अमरावती काळी-पिवळी जीप चालवायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. एम.ए. झाल्यावर अमरावतीत राहून भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करू लागलो. एका खोलीत आम्ही चौघे, आणि चौघांपैकी एकाचा मोबाइल कायम सुरू. अशा वेळी मला ती अभ्यासिका सापडली. एका विहाराच्या समितीने आपला वरचा मजला मुलामुलींना अभ्यासासाठी मोफत दिला होता. कोणत्याही समाजाचं पोर येऊ शकत होतं. अट एकच, तुमचं तुम्ही सांभाळा. आज मी जो काही आहे, त्यात त्या मजल्याचा वाटा फार मोठा आहे.

सांभाळायची आमची पद्धत साधी होती. चावीची पाळी आठवड्याआठवड्याने फिरायची. कोणानंतर कोण, ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं असायचं. दर रविवारी दहाला बैठक. आधी सगळ्यांनी उभं राहून भिंतीवरची संविधानाची उद्देशिका म्हणायची, मग खाली बसून ज्याला जे बोलायचं ते बोलायचं. पंखा, झाडलोट, कोणाच्या चपला कोणी नेल्या, सगळं तिथेच.

आमच्यात एक ताई होती. परतवाड्याकडची, आम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठी, आठ वर्षांच्या मुलीची आई. सकाळी एका खानावळीत पोळ्या करून ती नऊ वाजता अभ्यासिकेत यायची. तशी परवानगी तिला बैठकीनेच दिली होती. सासरी एकच खोली आणि त्यात टीव्ही, त्यामुळे अभ्यासाला जागा म्हणजे ही दाराजवळची एक खुर्ची. वयोमर्यादेमुळे येणारी परीक्षा तिची शेवटची होती. त्यानंतर अर्जच भरता येणार नव्हता. हे ती कोणाला रडून सांगत नसे. विचारलं तर म्हणायची, "यंदा नाई तं पोयाच आहेत मंग जिंदगीभर."

परीक्षा सहा आठवड्यांवर आली तशी गर्दी वाढली. खुर्च्या एक्केचाळीस आणि बाहेर वाट पाहणारे तितकेच. लोक रुमाल टाकून जागा अडवू लागले, पंख्याखालच्या कोपऱ्यावरून दोन गट पडले. रविवारची बैठक दोन-दोन तास चालायची आणि काहीच ठरायचं नाही. एका रविवारी तर धक्काबुक्की होऊन खुर्ची मोडली. समितीचे काका वर आले. ते निवृत्त मास्तर, कधी आवाज न चढवणारे. त्या दिवशीही चढवला नाही. "पुढच्या रविवारपर्यंत नीट करा. नाही तर मी कुलूप लावतो," एवढं बोलून खाली गेले.

पुढच्या रविवारी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता. त्याला आम्ही दादा म्हणायचो. सैन्यभरतीत दोनदा थोडक्यात राहिलेला, शिस्तीचा, बिघडलेली ट्यूबलाइट स्वतः स्टुलावर चढून लावणारा. कोणीतरी म्हणालं, "राजेहो, सारं दादाच्या हाती देऊन टाका. परीक्षेपर्यंतच तं हाय." सगळे हो म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुह्यी मराठी चांगली हाय बे, तूच लिही ठराव."

मला त्याचा अभिमान वाटला, हे कबूल करतो. मी लिहिलं : अभ्यासिकेवर ओढवलेली असाधारण परिस्थिती पाहता, परीक्षा होईपर्यंत सर्व अधिकार दादांकडे राहतील. चावी त्यांच्याकडेच राहील. त्यांचा निर्णय अंतिम असेल. अभ्यासाचा वेळ वाया जाऊ नये म्हणून तोपर्यंत रविवारची बैठक तहकूब. मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या.

गंमत अशी की त्याच सकाळी मी आणीबाणीच्या तरतुदींवरचे प्रश्न सोडवले होते. आणीबाणीच्या घोषणेला संसदेची मान्यता किती काळात लागते? एक महिना. पुढे ती किती काळाने पुन्हा घ्यावी लागते? सहा महिने. दोन्ही उत्तरं बरोबर. हा प्रश्न माझा कधीच चुकत नसे. पण तासाभराने मी स्वतः ठराव लिहायला बसलो, तेव्हा ते कलम माझ्या डोक्यातही आलं नाही. संविधान म्हणजे चार पर्यायांतून एक निवडायची गोष्ट, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध उरला होता.

एक्केचाळीस हात वर गेले. विरोधात एकही नाही. ताईचाही हात वर होता. शांतता तर तिलाच सगळ्यांत जास्त हवी होती.

आणि शांतता झाली, हेही सांगितलं पाहिजे. दादाने दोन दिवसांत रुमाल बंद केले, मोबाइल दाराशी टोपलीत ठेवायला लावले, मोडलेली खुर्ची दुरुस्त केली. पंख्याखालचा कोपरा रोज वेगळ्या रांगेला. काका वर येऊन पाहून गेले आणि काही न बोलता खाली उतरले. त्या पंधरा दिवसांत माझा जेवढा अभ्यास झाला, तेवढा आधीच्या दोन महिन्यांत झाला नव्हता. रविवारचे दहा वाजायचे आणि कोणी मान वर करून पाहायचंही नाही.

मग एका दुपारी टोपलीतले मोबाइल एकामागून एक थरथरू लागले. परीक्षा पुढे ढकलली होती, पुढची तारीख यथावकाश कळवण्यात येईल. सगळ्यांनी शिव्या घातल्या, चहा प्यायला गेले, परत येऊन बसले. परीक्षा पुढे जाणं आम्हाला काही नवं नव्हतं. तरीही ठरावातले शब्द त्या दिवशी कोणाला आठवले नाहीत.

आठवड्याभराने दादाने दारावर नवा कागद लावला. सकाळी सातला हजेरी. दोनदा उशीर झाला की जागा रद्द, ती बाहेरच्या यादीतल्या मुलाला. नियम वाईट नव्हता. अर्धे लोक आठला येऊन झोपायचे, त्यांच्यासाठी तो केला होता. पण दोन दिवसांनी ताई नऊला आली, तेव्हा तिच्या खुर्चीवर दुसरंच कोणी बसलेलं होतं.

"दादा, मले तं बैठकीनं नवाची परवानगी देल्ली होती."

"थे जुन्या बैठकीचं होतं ताई. आता नियम सगळ्यायले सारखा."

"मंग पोया सोडू का मी?"

"थे तुमी पाहा. तुमच्यासाठी सोडलं का उद्या दहा जण येतीन माह्यापाशी."

तो उद्धटपणे बोलला नाही. उलट त्याचा आवाज जरा पडलाच होता. खोलीत कोणी मान वर केली नाही. मी तीन खुर्च्या सोडून बसलो होतो, वहीतल्या एका ओळीखाली रेघ मारत होतो. तीच रेघ मी पुन्हा पुन्हा मारली.

दुपारी ती मला जिन्यात भेटली. "भाऊ, थो ठराव तूच लिवला ना?"

"हाव ताई."

"मंग याच्यातून भायेर कसं निंगा लागते, थे कुठी लिवलं?"

"परीक्षा झाली की आपोआप संपते ना ताई."

"अन् परीक्षा कधी हाय?"

ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी नऊला आली आणि जिन्याच्या वळणावर, जिथे आम्ही चपला काढायचो, तिथे चटई टाकून पुस्तक उघडून बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पाय आखडून वाट द्यायची.

संध्याकाळी वडिलांशी फोनवर बोलताना मी हे सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुह्यी जागा हाय ना?"

"हाय बाबा."

"मंग तू कायले डोकं लावतं? बस गुपचूप अन् वाच."

मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी अजून विसरलो नाही. मला वाटायचं, माणसं भीतीने गप्प बसतात. दादाची भीती तर मला कणभरही नव्हती. मी गप्प होतो, कारण रद्द झालेली खुर्ची माझी नव्हती.

त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन मी त्या जर्मन कायद्यावर सापडलं ते वाचलं. परीक्षेसाठी नाही, मलाच जाणून घ्यायचं होतं. त्यात मुदत होती हे मला माहीत होतं. चार वर्षं संपल्यावर काय झालं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मुदत वाढवली, नंतर आणखी वाढवली. वाढ मागणारं सरकार तेच आणि हो म्हणणारी संसदही त्याच सरकारच्या माणसांनी भरलेली. आमच्याकडे तर कोणाला मुदत वाढवायचीही गरज नव्हती. परीक्षाच ती वाढवून देत होती.

मी दादाला चहाच्या टपरीवर गाठलं. "दादा, परीक्षा तं लांबली. चावी पुन्हा फिरवाची का?"

"मले काय हौस हाय का बे? सकाळी साडेपाचले उठतो मी तुमच्यासाठी. ठरावात काय हाय? परीक्षा होईपर्यंत. कोणं लिवलं?"

"म्या लिवलं. म्हणूनच म्हणतो, एक बैठक घेऊ."

"बैठक तहकूब हाय. बैठक घ्याची तं ठराव बदला लागते. ठराव बदलाची तं बैठक लागते." हे बोलून तो हसला. मग हसू थांबवून म्हणाला, "अन् घेतली बैठक, तं पुन्हा थेच भांडण. पाह्यजे का तुले थे?"

मला ते नको होतं, आणि त्यालाही हे माहीत होतं.

दोन दिवसांनी सकाळी नऊला मी माझ्या खुर्चीवरून उठलो, जिन्यात गेलो आणि ताईला म्हटलं, "तुम्ही बसा तिथं. एक वाजेपर्यंत मी इथं बसतो, मंग बदलू." यात फार धाडस होतं असं कोणी समजू नये. ठराव लिहिणाऱ्याची जागा दादा रद्द करणार नाही, असा माझा हिशेब होता. तो चुकला. पाच मिनिटांत दादा बाहेर आला. "जागा कोणाले देता येत नाई. नियम हाय. तुह्यीबी रद्द." मग ताईकडे न पाहता म्हणाला, "ताई, तुमीबी उठा."

आता चटईवर आम्ही दोघं. वर जाणारी पोरं टोमणे मारून जायची. "का हो कायदेपंडित, पायरीवर हवा कशी काय हाय?"

ताई पुस्तकातून मान वर न काढता म्हणायची, "मस्त हाय. ये ना तूबी, तुह्याबी ठराव करून देतो."

रविवार आला. दहा वाजले तशी ताई चटईवरून उठली, पदर सारखा केला आणि उद्देशिका म्हणू लागली. समोर ती भिंत नव्हती, पण इतक्या रविवारांनी ती पाठ झाली होती. मीही उभा राहिलो. जिन्यातला आवाज वर घुमत गेला. पहिल्या दोन ओळी आम्ही दोघांनीच म्हटल्या. तिसऱ्या ओळीला दारात कोणी येऊन उभं राहिलं, मग आणखी कोणी. शेवटी अकरा जण झाले, आणि त्यांच्या मागे दादा. तोही उभा होता, हात सरळ खाली, जसा तो दर रविवारी उभा राहायचा.

म्हणून झाल्यावर ताई बोलली, "मले भांडाचं नाई. एकच इचाराचं हाय. परीक्षा कधी हाय? ज्याले मालूम असन त्यानं सांगा."

मागून आवाज आला, "देवालेबी मालूम नाई ताई!" आणि सगळे हसले. दादाही हसला.

"मंग होईपर्यंत म्हंजे कोठपर्यंत?" ताईने विचारलं.

दादाचं हसू मावळलं. "पाहू," एवढं म्हणून तो आत गेला. बाकीचेही गेले. ठरलं काहीच नाही. आम्ही पुन्हा चटईवर बसलो.

पण गुरुवारी दादाला गावाहून फोन आला. सोयाबीन कापून पडलं होतं, मळणीयंत्राचा नंबर लागला होता, लगेच निघायला हवं होतं. पिशवी खांद्याला लावून तो हातातली चावी पाहत दारात उभा राहिला. त्याच्यासोबत कायम असणारी पोरं जवळ आली, कारण चावी त्यांच्यातल्या कोणाला तरी मिळणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. दादाने कपाटावरचं जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि पाळीचं पान उघडलं. पाळी जिथे थांबली होती, त्याच्या पुढचं नाव ताईचं होतं. ते नाव त्याला आधीच माहीत होतं की पान उघडल्यावर दिसलं, हे मला आजही कळलेलं नाही. मी त्याला नंतर कधी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

"ताई," त्याने जिन्यात हाक मारली, "पाळी तुमची हाय."

लगेच एकजण कुरकुरला, "अबे, ताई येते नवाले! आमी काय नव वाजेपर्यंत रस्त्यावर बसाव का?"

ताईने चावी घेतली आणि विचारलं, "पाचले उघडलं तं चालन का?"

कोणाला काही समजलं नाही. तेव्हा तिने सांगितलं. खानावळीत तिचं काम साडेपाचला सुरू व्हायचं, आणि ती रोज पहाटे याच विहारावरून चालत जायची. आम्ही साडेसहाला डोळे चोळत उठणारे लोक. आमची हजेरी सातला लागायची आणि तिची नऊला, म्हणून ती उशिरा येणारी. ती घरून कधी निघते, हे बैठकीत किंवा बैठक बंद झाल्यावर आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाचला गेलो. वर दिवा लागलेला होता. दाराजवळच्या त्या खुर्चीवर ताई बसली होती, पुस्तक उघडं, पायांत चपला तशाच. मला पाहून म्हणाली, "पंधरा मिनिटं हायेत. थेवढं एक पान होते." पान संपवून ती पोळ्या लाटायला गेली आणि नऊला परत येऊन त्याच खुर्चीवर बसली. बाहेरच्या यादीतल्या ज्या मुलाला ती खुर्ची दिली होती, त्याने कोणी न सांगता खिडकीशी स्टूल ओढून घेतलं होतं.

आठवड्याने दादा परत आला. चावी मागितली नाही. रविवारी बैठक झाली आणि दुसरा ठरावही मीच लिहिला. चावी पुन्हा फिरेल. बैठक घड्याळ लावून वीस मिनिटं, पण दर रविवारी. कोणाला काही अधिकार दिलाच, तर चौथ्या रविवारी पुन्हा हात वर करावे लागतील, नाही तर तो संपला. मोबाइलची टोपली आणि पंख्याखालची फिरती रांग, दादाचे हे दोन नियम तसेच ठेवले. ताई म्हणाली, "अजून एक लिही. कोणाची जागा काढाची असन, तं पहिले त्या माणसाले इथं बोलू द्याचं." मी लिहिलं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. एकजण तर म्हणाला, "लय लंबा केला बे ठराव." सर्वांत आधी हात वर झाला तो दादाचा.

वर्गात मी हे एवढं सांगतो. पुन्हा जर्मनीकडे वळावं म्हणून खडू उचलतो, मुदत आणि मुदतवाढ फळ्यावर लिहायला घेतो. पण मुलांना तोवर जर्मनीत रस उरलेला नसतो. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, "सर, ताईची परीक्षा झाली का मंग?"

झाली. बऱ्याच महिन्यांनी झाली, आणि त्या दिवसापर्यंत ताई त्या खुर्चीवर बसली. निकालाच्या यादीत तिचं नाव होतं. माझं नव्हतं.